स्कंद-कार्तिकेय : उपासना आणि मूर्तिकला (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कार्तिकेय, स्कंद, षडानन, सुब्रह्मण्य आणि मुरुगन ही एकाच देवाची नावे आहेत का?

आज ती एकाच देवाची मानली जातात, पण त्या नावांचा उगम एक नाही. कुशाण राजा हुविष्क याच्या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील सुवर्णनाण्यांवर स्कंद-कुमार आणि विशाख या नावांनी दोन आकृती समोरासमोर उभ्या आहेत आणि महासेन दुसऱ्या प्रकारच्या नाण्यावर वेगळा दाखवला आहे. नाणे पाडणाऱ्याच्या दृष्टीने हे निरनिराळे देव होते. महाभारताच्या वनपर्वात इंद्राच्या वज्राचा घाव बसताच स्कंदाच्या उजव्या कुशीतून विशाख बाहेर आला, असे सांगितले आहे. वेगळ्या देवाला आपल्या देवाच्या अंगातून निघालेला ठरवून सामावून घेण्याची ही रीत आपल्या पुराणांत नेहमीची आहे. अमरकोशाच्या काळापर्यंत महासेन, शरजन्मा, षडानन, स्कंद, सेनानी, अग्निभू, गुह आणि विशाख ही सगळी एकाच देवाची नावे होऊन बसलेली दिसतात. तमिळ प्रदेशातील डोंगराळ मुलखाचा तरुण देव मुरुगन हाही पुढे या देवात मिसळला, मात्र त्याने आपले भाले, आपली बायको आणि आपले डोंगर सोडले नाहीत.

तो युद्धाचा देव कसा झाला?

देवांच्या सैन्याला सेनापती नव्हता, हे कथेचे मूळ सूत्र आहे. वनपर्वातील जन्मकथेत शिव-पार्वती मध्यवर्ती नाहीत. सप्तर्षींच्या पत्नींवर मोहित झालेल्या अग्नीला स्वाहा ही त्यांच्यापैकी सहा जणींची रूपे घेऊन भेटते आणि त्यातून सहा डोकी, बारा डोळे, बारा हात, पण एकच मान आणि एकच पोट असलेले मूल जन्मते. जन्मल्याबरोबर ते गर्जना करून पर्वत फोडते. घाबरलेला इंद्र त्याला आधी मारायला निघतो आणि ते जमत नाही असे दिसल्यावर त्यालाच सेनापतिपद देतो. देवसेना नावाच्या कन्येशी त्याचे लग्नही लागते. तिचे नाव आणि ‘देवांची सेना’ हा शब्द एकच असल्याने ‘देवसेनापती’ या पदवीचे दोन्ही अर्थ लागतात. पंचमीला त्याला श्री लाभली आणि षष्ठीला तो कृतार्थ झाला म्हणून षष्ठी ही महातिथी, असे तेथे म्हटले आहे. या देवाच्या बहुतेक उत्सवांना शुद्ध षष्ठी का लागते, त्याचे उत्तर यात आहे.

भगवद्गीतेत ‘सेनापतींमध्ये मी स्कंद’ असे श्रीकृष्ण म्हणतो, तेव्हा श्रोत्यांना स्कंद कोण हे समजावून सांगण्याची गरज भासलेली नाही.

त्याच्या मूर्तीपूजेचा सर्वांत जुना पुरावा कोणता?

पतंजलीचे महाभाष्य, म्हणजे साधारण इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक. पाणिनीच्या एका सूत्रावर चर्चा करताना शिव, स्कंद आणि विशाख यांच्या मूर्तींचा उल्लेख ओघाने येतो. सोन्याच्या लोभाने मौर्यांनी मूर्ती करविल्या, असा टोमणाही तेथेच आहे. मुद्दा व्याकरणाचा आहे, विक्रीच्या मूर्तीला कोणता प्रत्यय लावायचा एवढाच. पण असा सहज आलेला उल्लेख मुद्दाम लिहिलेल्या स्तुतीपेक्षा अधिक भरवशाचा असतो.

आपल्याकडे नाणेघाटातील सातवाहनांच्या लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन केल्यानंतर ‘कुमारवर’ हा शब्द येतो. तो कुमार देव की पुढे नाव आलेला राजपुत्र, यावर विद्वानांत मतभेद आहेत. वाक्याचा ओघ पाहता मला राजपुत्राची बाजू अधिक सरळ वाटते आणि म्हणून हा लेख स्कंदपूजेचा पुरावा म्हणून बेधडक पुढे करू नये, असे सुचवावेसे वाटते.

सहा तोंडे दगडात किंवा धातूत कशी दाखवली जातात?

हा शिल्पकारांचा खरा डोकेदुखीचा प्रश्न होता आणि बहुतेकांनी तो टाळला आहे. उत्तर भारतातील आणि दख्खनमधील बहुसंख्य प्राचीन मूर्ती एकमुखी आहेत. ‘षडानन’ हे नाव ठाऊक असलेला माणूस मूर्तीसमोर उभा राहून तोंडे मोजू लागतो आणि ही मूर्ती दुसऱ्याच कोणाची तरी असावी अशी समजूत करून घेतो.

सहा डोकी धीटपणे कोरणारे पहिले कारागीर यौधेयांच्या टांकसाळीत होते. आजच्या हरियाणात आणि त्याच्या आसपास राहणाऱ्या या लढवय्या गणाने आपली नाणी ‘ब्रह्मण्यदेव’ या नावाने, म्हणजे प्रत्यक्ष या देवाच्या नावाने पाडली. जणू राज्याचा धनी तोच होता. रुपयाच्या नाण्याएवढ्या त्या चकतीवर एक हात भाल्यावर आणि दुसरा कमरेवर ठेवून उभी असलेली आकृती आहे. तिच्या खांद्यांवर तीन डोक्यांची एक ओळ आणि तिच्यावर आणखी तीन ठिपक्यांएवढ्या डोक्यांची दुसरी ओळ अशी मांडणी साधली आहे. नाणे झिजले की ही डोकी द्राक्षांच्या घोसासारखी दिसतात. महाभारतात रोहीतक, म्हणजे आजचे रोहतक, कार्तिकेयाचे लाडके नगर म्हटले आहे. तेथील खोकराकोटच्या टेकाडात यौधेय नाण्यांचे मातीचे साचे सापडले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९४५ साली त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रंथातील वाक्य आणि जमिनीतील वस्तू इतकी नेमकी जुळण्याचे प्रसंग आपल्या इतिहासात फार नाहीत.

संग्रहालयात किंवा लेण्यात कार्तिकेयाची मूर्ती कशी ओळखावी?

आधी हात पाहावेत, वाहन नंतर. वराहमिहिराने बृहत्संहितेत एका ओळीत हे काम उरकले आहे : ‘स्कन्दः कुमाररूपः शक्तिधरो बर्हिकेतुश्च’. कुमाराचे रूप, हातात शक्ती, ध्वजावर मोर. विष्णुधर्मोत्तर पुराणात हे वर्णन वाढते. त्यानुसार कुमाराला सहा मुखे, तांबडी वस्त्रे आणि मयूर वाहन असावे, उजव्या हातांत कोंबडा आणि घंटा, तर डाव्या हातांत वैजयंती पताका आणि शक्ती असावी.

‘शक्ती’ हे शस्त्र ओळखण्यात अनेकदा गफलत होते. ती त्रिशूळ नव्हे आणि तलवारही नव्हे. पानाच्या किंवा पत्त्यांतील चौकटच्या आकाराचे पाते असलेला तो भाला आहे. कुशाणकालीन मूर्तींत तो माणसाच्या उंचीचा असतो, पुढे आखूड होत जातो आणि चोळकालीन चतुर्भुज मूर्तींत मागच्या हाताच्या बोटांत धरण्याएवढा लहान होऊन दुसऱ्या मागच्या हातातील वज्राच्या जोडीला येतो. तमिळ प्रदेशात याच शस्त्राला ‘वेल’ म्हणतात आणि मूर्ती नसतानाही नुसत्या वेलाची पूजा होते.

मोराविषयी एक सावधगिरीची सूचना. मोर दिसला नाही म्हणून कार्तिकेय नाही, असे समजू नये. गांधारातील मूर्तींत हा देव खवल्यांचे चिलखत घालून, एका हातात भाला आणि दुसऱ्या हातात कोंबडा घेऊन एखाद्या सरहद्दीवरच्या शिपायासारखा उभा असतो. शल्यपर्वात गरुडाने मोर आणि अरुणाने तांबड्या तुऱ्याचा कोंबडा भेट दिल्याचे वर्णन आहे. तमिळ परंपरेत शूरपद्म या असुराचे दोन तुकडे होऊन त्यांपासून मोर आणि कोंबडा झाले, अशी कथा सांगतात. झुंजीचा पक्षी म्हणून कोंबडा या देवाला अधिक शोभतो. मोराने त्याला मागे टाकले ते बहुधा देखणेपणामुळे.

युद्धाचा देव असूनही तो लहान मुलासारखा का दाखवतात?

सर्वाधिक विचारला जाणारा हा प्रश्न आहे आणि या देवाची गुरुकिल्लीही यातच आहे.

वाराणसीच्या भारत कला भवनात गुप्तकालीन कार्तिकेयाची एक प्रसिद्ध मूर्ती आहे. देव मोरावर थेट समोर तोंड करून बसला आहे आणि त्याचे दोन्ही पाय मोराच्या मानेच्या दोन बाजूंनी खाली लोंबत आहेत, जसे जत्रेत बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराचे लोंबतात. मोराने उभारलेला पिसारा मागे प्रभावळीसारखा पसरला आहे. केसांच्या बटा काकपक्ष पद्धतीने, म्हणजे लहान मुलांच्या वळणाने, कानांवर आल्या आहेत आणि गळ्यात वाघनखे ओवलेला हार आहे. ही वाघनखे शत्रूला फाडण्यासाठी नाहीत. दृष्ट लागू नये, बाधा होऊ नये म्हणून तान्ह्या मुलाच्या गळ्यात घालायचा हा ताईत आहे. देवांच्या सेनापतीलाच कोणाची तरी दृष्ट लागेल, ही काळजी शिल्पकाराने त्याच्या गळ्यात बांधून ठेवली आहे.

या काळजीचे मूळ फार जुने आहे. वनपर्वात स्कंदाच्या गणांत बालकांना धरणारे ग्रह, म्हणजे आकाशातले नव्हे तर मुलांना पछाडणाऱ्या शक्ती, आणि मातृका, म्हणजे मातृदेवता, आहेत. वैद्यकातील सुश्रुतसंहितेतही मुलांना पीडा देणाऱ्या नऊ ग्रहांच्या यादीत पहिले नाव स्कंदाचे आहे. ज्याच्या हुकमाने हे ग्रह मूल पळवतात, त्यालाच शरण गेले म्हणजे मूल वाचते, असा तो हिशेब होता. त्यामुळे रणांगणावरचा हा देव बाळंतिणीच्या खोलीत आला. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘कादंबरी’त राजवाड्यातील सूतिकागृहाचे वर्णन करताना षष्ठीदेवीबरोबरच पंख पसरलेल्या मोरावर बसलेला, तांबड्या कापडाची पताका आणि उगारलेली शक्ती असलेला कार्तिकेय तेथे मांडल्याचे लिहिले आहे.

मराठी वाचकाला ही खोली ओळखीची वाटेल. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून आपल्याकडे सटवाईची पूजा होते, कारण ती त्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. सटवाई हे षष्ठीचेच मराठी रूप आहे. वनपर्वात षष्ठी हे देवसेनेचे एक नाव आहे, तर बालवैद्यकावरच्या काश्यपसंहितेत षष्ठी ही स्कंदाची बहीण आहे. बाणाच्या खोलीतून मोरावरचा देव केव्हातरी निघून गेला आणि त्याच्या शेजारची देवी मात्र आपल्या घरांत राहिली.

प्राचीन राजे या देवाला इतके का मानत?

लढाईला निघणाऱ्याला सेनापती देव हवा होता, हे उघड कारण झाले. त्याखेरीज तो तरुण आहे, अजिंक्य आहे आणि त्याच्यामागे मातृकांची फौज आहे. बनवासीचे कदंब स्वतःला ‘स्वामिमहासेन आणि मातृगण’ यांचे कृपांकित म्हणवीत. बदामीच्या चालुक्यांनी तर आपल्या ताम्रपटांत सप्तमातृकांनी वाढवलेले आणि कार्तिकेयाच्या रक्षणामुळे कल्याणपरंपरा लाभलेले, असे वंशवर्णन ठरवूनच टाकले होते आणि ते पिढ्यानपिढ्या जसेच्या तसे लिहिले गेले. महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर या घराण्याचे राज्य होते, हे येथे लक्षात ठेवावे. गुप्तांत पहिल्या कुमारगुप्ताने मोराला चारा घालणारा राजा एका बाजूला आणि मोरावर बसलेला कार्तिकेय दुसऱ्या बाजूला, असे सुवर्णनाणे काढले. राजाचे नाव कुमार, देवाचे नाव कुमार. पाहणाऱ्याने काय समजायचे ते समजावे. त्याच्या मुलाचे नाव स्कंदगुप्त होते.

महाराष्ट्रात त्याची प्राचीन शिल्पे कोठे पाहता येतील?

घारापुरीला जाणारे बहुतेक लोक महेशमूर्तीसमोर फोटो काढून परत होडीकडे वळतात. त्यांनी मुख्य लेण्याच्या पूर्वेकडील अंगणात जावे. तेथील दालनात मातृकांचा पट्ट आहे आणि त्याच्या सोबतीला गणेश आणि कार्तिकेय आहेत. शिल्पे फार झिजली आहेत, तरी उंच दंड धरून उभा असलेला देव नीट पाहिल्यास ओळखू येतो. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या, रामेश्वर नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यातही मोरासह कार्तिकेय आहे आणि तेथेही मातृका जवळच आहेत. मातृका आणि कार्तिकेय असे जवळ का असतात, याचे उत्तर वरच्या प्रश्नांत आलेच आहे.

एक गैरसमज येथेच दूर करावा. कालिदासाने मेघदूतात देवगिरीवर कायमच्या वस्तीला असलेल्या स्कंदावर फुलांचा वर्षाव करण्याची विनंती मेघाला केली आहे. तो देवगिरी उज्जैनच्या पुढे, चंबळेच्या अलीकडे येतो. त्याचा दौलताबादशी संबंध नाही.

महाराष्ट्रात स्त्रियांनी कार्तिकस्वामीचे दर्शन घेऊ नये असे का म्हणतात?

प्रचलित कथा अशी : पृथ्वीप्रदक्षिणेच्या पैजेत गणपतीने आईबापांना प्रदक्षिणा घालून बाजी मारली, तेव्हा रुसलेला कार्तिकेय क्रौंच पर्वतावर निघून गेला आणि जी स्त्री आपले दर्शन घेईल ती सात जन्म विधवा होईल, असे त्याने बजावले. ब्रह्मपुराणातील गोदावरीमाहात्म्यात वेगळे कारण आहे. तेथे देवस्त्रियांत रमलेल्या कुमाराला आवर घालण्यासाठी पार्वतीने प्रत्येक स्त्रीत स्वतःचे रूप दाखवले, तेव्हापासून त्याला सर्व स्त्रिया मातेसमान झाल्या. या कथेत मुलाने नियम घालून घेतला आहे तो स्वतःला. स्त्रियांना शाप कोठेच नाही.

महाभारतात त्याचे लग्न झालेले आहे, मूर्तिविज्ञानाच्या ग्रंथांत दर्शनाची बंदी नाही आणि दक्षिणेत स्त्रिया रोज त्याच्या देवळात जातात. हरियाणातील पेहोव्याच्या देवळात मात्र महाराष्ट्रासारखाच निषेध आढळतो. पुण्यात पर्वतीवर, नानासाहेब पेशव्यांनी उभारलेल्या देवदेवेश्वराच्या परिसरात, कार्तिकस्वामीचे देऊळ आहे आणि तेथील स्त्रियांसाठीची सूचना अनेकांनी वाचली असेल. माझे मत स्पष्ट आहे. सूतिकागृहात बाळंतिणीच्या उशाशी ज्याला मांडत, त्या देवाचे तोंड बाईने पाहू नये हा नियम नंतरचा आणि त्याच्या मूळ स्वभावाच्या विरुद्ध आहे. कायद्याच्या बाजूने पाहिले तर सार्वजनिक देवळात स्त्रियांना प्रवेश नाकारता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केले आहे.

मग पंचांगात ‘कार्तिकस्वामी दर्शन’ म्हणून जी वेळ छापतात ती काय असते?

कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिका नक्षत्रात असेल, तेवढा काळ दर्शनाला योग्य मानतात आणि त्या वेळेत स्त्रियांनाही दर्शन खुले असते. तिथी सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतरावरून ठरते, तर नक्षत्र एकट्या चंद्राच्या स्थानावरून, त्यामुळे दोहोंचा मेळ दरवर्षी सारखा बसत नाही. एखाद्या वर्षी तो जवळजवळ दिवसभर असतो, तर एखाद्या वर्षी काही तासांचा आणि तोही मध्यरात्रीनंतरचा. म्हणून पंचांगकर्ते आरंभ आणि समाप्ती मिनिटांसह देतात. एकीकडे त्रिपुर पाजळलेले असतात आणि दुसरीकडे थंडीत शाली गुंडाळून, हातात मोरपीस धरून बायकांची रांग लागलेली असते. वर्षातला एवढाच योग साधणाऱ्या या रांगेत उरलेल्या वर्षभराच्या बंदीबद्दल कुरकुर ऐकू येते, पण रांग मोडत नाही.

खंडोबा म्हणजे स्कंदच का?

नाही, निदान सरळ तसे म्हणता येत नाही. खंडोबा हा मार्तंडभैरव, म्हणजे शिवाचा अवतार मानला जातो आणि त्याच्या नावाचा संबंध हातातील खंड्याशी, म्हणजे तलवारीशी लावतात. तरीही अभ्यासकांना साम्ये खुणावत राहिली आहेत. म्हाळसा ही घरंदाज पत्नी आणि बाणाई ही धनगरांची लेक, तर मुरुगनाची देवसेना ही देवकन्या आणि वळ्ळी ही शिकाऱ्याची लेक. दोघेही डोंगरावर राहतात, दोघांनाही षष्ठी प्रिय आहे. मार्गशीर्षातल्या ज्या चंपाषष्ठीला जेजुरीत भंडारा उधळतो, त्याच दिवशी कर्नाटकात कुक्के सुब्रह्मण्य येथे रथ निघतो. एकाने दुसऱ्याचे रूप घेतले असे म्हणण्यापेक्षा डोंगरावरच्या लढवय्या देवांची एक जुनी घडण दोघांच्याही मागे आहे, असे समजणे मला पटते.

गणपती थोरला की कार्तिकेय?

महाराष्ट्रात आणि उत्तरेत कार्तिकेय थोरला, दक्षिणेत गणपती थोरला. वाद घालून उपयोग नाही.

उत्तरेत त्याची उपासना मागे का पडली?

गुप्तांनंतर तो स्वतंत्र देव न राहता शिवाच्या कुटुंबातला मुलगा झाला आणि त्या कुटुंबात गणपतीचे महत्त्व वाढत गेले. पण याहून मोठे कारण मला वेगळे दिसते. वनपर्वात महिषासुराला मारतो तो स्कंद. पुढे हाच वध देवीच्या नावावर गेला, महिषासुरमर्दिनीच्या मूर्ती गावोगाव झाल्या आणि युद्धदेवतेची जागा तिने घेतली. बंगालमध्ये दुर्गापूजेच्या मांडणीत कार्तिक आजही आईच्या एका बाजूला, कुरळ्या केसांचा आणि बारीक मिशांचा नटवा तरुण होऊन मोराजवळ उभा असतो, लढते ती आई. कार्तिक संक्रांतीला, म्हणजे बंगाली कार्तिक महिन्याच्या शेवटच्या दिवशी, तेथे त्याची वेगळी पूजा होते, तीही अपत्यप्राप्तीसाठी.

दक्षिणेतील मूर्तींत काय वेगळे आहे?

पल्लवांनी शिव आणि उमा यांच्यामध्ये बाळ स्कंद बसवलेली सोमास्कंद मूर्ती गर्भगृहाच्या भिंतीवर आणली आणि चोळांच्या कांस्यकारांनी तीच ओतीव धातूत घडवली. त्यात सेनापती अगदीच तान्हा असतो. पळनीला तो सर्वस्व सोडून हाती दंड घेतलेला मुंडित संन्यासी आहे, तिरुच्चेंदूरला समुद्रकाठी शूरपद्माचा वध करणारा योद्धा आणि तिरुत्तणीला शांत झालेला देव. सहा प्रमुख क्षेत्रांपैकी ही तीन.

आज दुकानांत, ट्रकांवर आणि परदेशांतील तमिळ घरांत दिसणारे मोरावरच्या षण्मुखाचे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या वळ्ळी-देवसेनेचे जे गुळगुळीत रंगीत चित्र आहे, त्याच्या वंशावळीत राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचे शिळाछाप चित्र येते. तो छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तमिळांचा मुरुगन अशा रीतीने काही काळ बोरघाटाच्या माथ्यावर छापला जात होता आणि तेथून खाली उतरून घरोघर पोहोचत होता.